धाकोजी कारकुनाचं उरलेलं आयुष्य

देवेंद्र वाघच्या घरात ते पुस्तक आलं ते बक्षीस म्हणून. गणपतीत मराठी समाजाच्या प्रश्नमंजूषेत त्याची मुलगी खुशी पहिली आली आणि ‘अखंड रेघ’ नावाची अकराशे बेचाळीस पानांची कादंबरी दोन्ही हातांत धरून घरी आली. उत्तरं तिनं सगळी हिंदीत दिली होती. परीक्षकांनी चालवून घेतलं. घरी आल्यावर तिनं पहिलं पान उघडलं, बोट ठेवून अर्धा परिच्छेद वाचला आणि पुस्तक बापासमोर सरकवलं.

“पापा, याला तर मला दोन साल लागतील. तुम्हीच वाचा.”

देवेंद्रनंही शाळा सुटल्यापासून मराठीत काही सलग वाचलं नव्हतं. घरी वर्तमानपत्र हिंदी यायचं. वाघांचे पूर्वज होळकरांच्या तोफखान्यात होते असं त्याचे वडील सांगायचे, पण ते सांगण्यापलीकडे त्या गोष्टीचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता. देवेंद्र स्वतः सिमरोलच्या इन्स्टिट्यूटमध्ये लॅब टेक्निशियन होता. धातूचे तुकडे कापायचे, आरशासारखे होईपर्यंत घासायचे आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून द्यायचे, हे त्याचं बारा वर्षांचं काम. वय चव्वेचाळीस. बोलणं कमी.

जुनी इंदूरहून सकाळी सात चाळीसला इन्स्टिट्यूटची बस निघे आणि तासाभरात सिमरोलला पोचे. त्या तासाचं काय करायचं हा प्रश्न त्याला बारा वर्षं पडला नव्हता, कारण तो झोपत असे. पण गणपतीनंतरच्या एका सोमवारी त्यानं ते पुस्तक पिशवीत घातलं आणि बसमध्ये उघडलं. त्या दिवशी चार पानं झाली. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी बस कॅम्पसच्या फाटकातून आत शिरली तरी त्याला कळलं नाही.

गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीच्या माळव्यातली होती. मराठ्यांच्या फौजेत एक तंबू वेगळा असे. त्यात तलवारी नव्हत्या, फक्त कारकून बसलेले असत. मोडी लिपी लेखणी न उचलता लिहितात. या कारकुनांनी तसा एका दमात लिहिलेला मजकूर खरा होई. मध्येच लेखणी उचलली गेली तर तिथवर जेवढं लिहिलं तेवढंच खरं. त्यांच्यात सगळ्यांत हुशार होता धाकोजी कारकून. किडकिडीत, दमेकरी, घोड्याला भिणारा. ‘तोफा गार पडोत’ असं त्यानं एकदा लिहिलं आणि पुढे ‘शत्रूच्या’ लिहायच्या आतच खोकला, लेखणी उचलली गेली, त्यामुळे दोन्हीकडच्या तोफा गार पडल्या आणि दोन सैन्यं दिवसभर एकमेकांकडे बघत बसली. हे वाचून देवेंद्र बसमध्ये मोठ्यानं हसला. पलीकडच्या रांगेतला जयेश, जो रजिस्ट्रारच्या ऑफिसात होता, कानातले इयरफोन काढून म्हणाला, “क्या भिया, सब ठीक?”

त्या हसण्यात आणखी एक हसणं मिसळलं होतं. शेजारून. अगदी नाकातल्या नाकात.

शेजारी मनोरमा शिंत्रे बसत. स्टोअर विभागात होत्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आजोबा रेल्वेत कारकून म्हणून इंदूरला आलेले, तेव्हापासूनचं त्यांचं कुटुंब. बस सुरू झाली त्या दिवसापासून खिडकीची ती जागा त्यांची होती, आणि शेजारची देवेंद्रची. बारा वर्षांत त्या त्याच्याशी “खिडकी लावू का?” एवढंच बोलल्या होत्या. हिवाळ्यात. उन्हाळ्यात तेही नाही.

देवेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून त्याला कळायला लागलं की पान दोघं वाचतायत. तो पान उलटू लागला की शेजारी घसा साफ केला जाई. दोन-तीन दिवस त्यानं ते कानाआड केलं. चौथ्या दिवशी त्यांनी बोट पानावर ठेवलं.

“थांबा. माझं व्हायचंय.”

तो थांबला. त्यांचं झाल्यावर त्यांनी बोट काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली पर्स टेकू म्हणून खाली दिली. एवढ्यावर व्यवस्था ठरली. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कॅम्पसमध्ये समोरासमोर आले तर पूर्वीसारखीच मान हलवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. धाकोजीनं मैना नावाची एक पोर हाताखाली घेतली. तिचे हात तोफखान्याच्या दारूनं भाजलेले होते, पण रेघ थरथरत नव्हती. पावसाळ्यातली नर्मदा फुगली असताना मागे शत्रू आणि पुढे पाणी अशी हजारो माणसं अडकली, तेव्हा धाकोजीनं चाळीस हात लांब कागदावर एका दमात एक हुकूम लिहिला आणि नदीनं वाट दिली. ते प्रकरण सत्तेचाळीस पानांचं होतं. ते संपायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत देवेंद्र लॅबमध्ये नमुन्यांवर नंबर घालताना मार्कर उचलेनासा झाला. ४१७ हा आकडा त्यानं एका रेघेत काढला तेव्हा तिथल्या एका रिसर्च स्कॉलरनं विचारलं, “सर, ये क्या लिखा है?” देवेंद्रनं नवी चिठ्ठी लावली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मनोरमाबाई बसमध्ये नव्हत्या. देवेंद्रनं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं. मंगळवारीही नव्हत्या. बुधवारी जयेशनं बातमी दिली, “मॅडमच्या दीदी सांवेरला घरात पडल्या ना. हिप का फ्रॅक्चर. इंदूरला अ‍ॅडमिट आहेत, ऑपरेशन होणार.”

देवेंद्रकडे त्यांचा नंबर नव्हता. असता तरी त्यानं फोन केला नसता. पुस्तक रोज पिशवीत जाई आणि तसंच परत येई.

“तुमचंच पुस्तक आहे ना?” त्याची बायको अनुश्री म्हणाली. “वाचायला काय होतं?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही.”

अकरा दिवस त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. खंडवा रोडवर पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं.

बाराव्या दिवशी मनोरमाबाई आल्या. जागेवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

“ऑपरेशन झालं?” त्यानं विचारलं.

“झालं. चांगलं झालं.” मग त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. “कुठवर आलात?”

“होतो तिथंच.”

“वाचलं नाही?”

“नाही.”

तेजाजी नगर मागे पडेपर्यंत त्या समोरच्या सीटकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पर्स टेकू म्हणून खाली ठेवली.

पुन्हा वाचन सुरू झालं. पण काहीतरी बदललं होतं, आणि काय ते देवेंद्रला महिनाभर सांगता आलं नसतं. आता घसा साफ होत नव्हता. तो पान उलटायला घेई तेव्हा त्यांचं नेहमी झालेलं असे.

जानेवारीच्या शेवटी ते आठशे एकाहत्तराव्या पानावर आले. तंबूबाहेर लढाई चालली होती, आत धाकोजी लिहीत होता. देवेंद्रनं पहिली ओळ वाचायला घेतली आणि त्याच वेळी मनोरमाबाईंनी चष्मा काढला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत धाकोजीला खोकल्याची उबळ आली आणि त्याच्या हातून लेखणी उचलली गेली. त्या उबळीतच तो संपला.

देवेंद्र बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता. मग त्यानं खिडकीकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“तुम्ही पुढचं वाचलंय.”

“सगळं.”

“कधी?”

“ताईच्या उशाशी. हॉस्पिटलमध्ये.”

“मी अकरा दिवस थांबलो,” देवेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण जयेशनं मान वळवली.

“तुम्ही थांबाल हे मला काय माहीत?” मनोरमाबाई म्हणाल्या. “आणि मला विचारलं होतं तुम्ही?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यानं त्याला बरं वाटलं नाही. त्यानं पुस्तक पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडे जयेशच्या शेजारी जाऊन बसू लागला. त्याच्या रिकाम्या जागेवर दोन दिवसांनी लायब्ररीत नवीन लागलेली सोनल नावाची मुलगी बसायला लागली. मनोरमाबाईंनी पर्स मांडीवर घेतली.

देवेंद्र आता एकटा वाचत होता आणि भराभर वाचत होता. कुणासाठी थांबायचं नव्हतं. रोजची पंधरा-वीस पानं होऊ लागली. धाकोजीच्या मागे मैना एकटी पडली होती, दरबारातले लोक त्याची कागदपत्रं मागत होते, आणि नऊशे चौदाव्या पानावर तिला त्याच्या पेटीत त्यानं मरायच्या आदल्या दिवशी लिहिलेला एक बेदावा सापडला. तो वाचून मैना रडत तंबूबाहेर धावत गेली. देवेंद्रला ती का रडली हे कळलं नाही. त्यानं प्रकरण दुसऱ्यांदा वाचलं. तरी नाही. घरी बायकोला विचारलं, तिलाही बेदावा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खुशीनं फोनमध्ये शोधून “काहीतरी लीगल आहे” असं सांगितलं.

पुढची पानं तो वाचत राहिला, पण गोष्ट हातातून सुटल्यासारखी झाली होती. लढाया होत होत्या, माणसं येत-जात होती, आणि त्याला कुणाचंच काही वाटत नव्हतं. मग एके दिवशी जेवणाच्या सुटीत तो पुस्तक घेऊन स्टोअर विभागात गेला. बारा वर्षांत पहिल्यांदाच. मनोरमाबाई काचेच्या चंचुपात्रांची खोकी तपासत होत्या.

“बेदावा म्हणजे काय?” त्यानं उभ्या उभ्या विचारलं.

त्यांनी खोकं बंद केलं. “हक्क सोडल्याचा कागद. बसा.”

तो बसला. “पर त्यानं तो लिहिला कशाला?”

“नर्मदेतून माणसं कशी पार झाली?”

“त्यानं लिहिलं म्हणून.”

“त्यानं लिहिलेलं त्याच्या श्वासावर टिकून होतं. तो गेला की तेही जायचं. म्हणजे पार गेलेली ती सगळी माणसं पुन्हा पाण्यात.” मनोरमाबाईंनी चष्मा पुसला. “म्हणून आधीच लिहून ठेवलं. यातलं माझं काही नाही, ज्याचं त्याचं आहे. त्यामुळे तो गेला आणि माणसं राहिली.”

देवेंद्रनं पुस्तक उघडून ते पान पुन्हा पाहिलं. आता ते स्वच्छ दिसत होतं. आपण ते दोनदा वाचून पुढे गेलो होतो याची त्याला लाज वाटली.

“तुम्हाला एक सांगते,” मनोरमाबाई म्हणाल्या. “मीसुद्धा शेवट नीट वाचलेला नाही.”

“सगळं वाचलं म्हणालात ना?”

“डोळ्यांनी.” त्या जरा थांबल्या. “ताईची शुगर उतरत नव्हती. ऑपरेशन पुढे पुढे जात होतं. ती घाबरून गेली होती, म्हणायची, काहीतरी बोल. मी काय बोलणार? मग तिच्या मुलानं, यशवर्धननं, लायब्ररीतून हे पुस्तक आणलं, मीच सांगितलं होतं. सकाळ-दुपार मोठ्यानं वाचायची. आपलं झालेलं होतं तेही पुन्हा, पहिल्यापासून. भराभर. ताईला धाकोजी इतका आवडला, नर्सबाईंना पण सांगायची. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हे पान आलं.”

“मग?”

“मग मी वाचलं की त्याला उबळ आली, मैनेनं पाणी दिलं आणि तो बरा झाला.”

देवेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं.

“तिथून पुढची अडीचशे पानं तो कागदावर मेलेला आणि माझ्या तोंडी जिवंत. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. मैना रडायला लागली की मी म्हणायची, आनंदानं रडली. बेदाव्याचं प्रकरण तर सबंध गाळलं. एक डोळा ओळीवर, एक डोळा ताईवर. असं वाचून काय कळणार? म्हणून परत आल्यावर मला वाटलं, नीट वाचावं. कोणाच्या तरी बरोबर. तुम्ही तिथंच थांबला होतात, ते मला बरंच वाटलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. देवेंद्रनं पुस्तक मिटलं.

“ताई कशी आहे आता?” देवेंद्रनं विचारलं.

“वॉकर घेऊन चालते. आणि मागे लागलीय की पुस्तक आण, आता मी स्वतः वाचीन. लायब्ररीचं परत गेलं. मी सांगितलं, दुसरं ऑफिसातल्या एकांकडे आहे, ते देत नाहीत. तर म्हणते, त्यांनाच घेऊन ये, मी मागते.” त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “रविवारी याल का?”

देवेंद्रला रविवारी काही काम नव्हतं. तो हो म्हणाला.

सांवेरला ते सकाळच्या बसनं गेले. यशवर्धन मोटारसायकलनं शेतावर गेला होता. सुलोचनाबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर हाताशी. मनोरमाबाईंहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, पण आवाज जास्त खणखणीत.

“तर तुम्ही ते,” त्या म्हणाल्या. “म्हातारीला एक किताब देत नाही?”

“मुलीचं आहे, ताई,” देवेंद्र म्हणाला. “तिला इनाममध्ये मिळालं. ती घराबाहेर देऊ देत नाही.” हे तो सहज बोलून गेला आणि आपण खोटं बोललो हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

“शहाणी आहे. पण तुम्ही तर पूरा वाचलं असेल ना? ही वाचायची तेव्हा मला मधेमधे गुंगी यायची. बरंच निसटलं. धाकोजीच्या दम्याचं काय झालं शेवटी?”

मनोरमाबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. देवेंद्रनं आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नव्हती. खुशी लहान असताना तेही काम अनुश्रीचं होतं.

“कमी झाला,” तो म्हणाला. “महेश्वरला राहायला गेला ना तो. नदीकाठची हवा मानवली.”

“फौजेतलं काम?”

“सोडलं. घोड्यावर बसावं लागायचं. मग घाटाजवळ छोटीशी शाळा काढली, पोरांना लिहायला शिकवायचा.”

“जादूचं?”

“नाही नाही. साधंच. पत्रं वगैरे.”

सुलोचनाबाई मन लावून ऐकत होत्या. “आणि लग्न?”

“केलं,” देवेंद्र म्हणाला.

“मुलं किती?”

“दोन,” देवेंद्र म्हणाला. “तीन,” त्याच क्षणी मनोरमाबाई म्हणाल्या.

सुलोचनाबाईंनी बहिणीकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे.

“तिसरी उशिरा झाली, ताई,” देवेंद्र म्हणाला. “अगदी शेवटच्या पानांत. तुम्हाला तेव्हा गुंगी आली असेल.”

“असेल,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “नाव काय ठेवलं तिचं?”

“मैनाच,” मनोरमाबाई म्हणाल्या. या वेळी देवेंद्र गप्प राहिला होता.

जेवणात डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले होते. निघताना सुलोचनाबाईंनी वॉकर घेऊन दारापर्यंत पावलं टाकली. “किताब राहू द्या तुमच्याकडेच,” त्या देवेंद्रला म्हणाल्या. “मला जेवढं हवं होतं तेवढं कळलं.” आणि बहिणीला म्हणाल्या, “मनू, पुढच्या रविवारी एकटी आलीस तरी चालेल.”

परतीच्या बसमध्ये दोघांना जागा वेगवेगळ्या मिळाल्या.

सोमवारी सकाळी देवेंद्र सोनलच्या जागेपाशी उभा राहिला. काय बोलायचं हे त्यानं घरून निघतानाच ठरवलं होतं, तरी त्याला ते आठवेना.

“ही सीट… मतलब, आम्ही इथं वाचतो,” तो म्हणाला.

सोनलनं मनोरमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्स खाली ठेवली होती. ती उठून पलीकडे गेली.

त्यांनी आठशे एकाहत्तराव्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. धाकोजी मेला, आणि या वेळी दोघांनी ते पान वाचलं. मैनेला बेदावा सापडला तेव्हा मनोरमाबाईंनी बोट पानावर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. ओळी उरल्या नव्हत्या तरी देवेंद्र थांबला. पुढच्या लढाया त्याला आता आवडल्या. एकेक माणूस कुठून आलं, का आलं हे त्याला लागत होतं, आणि लागलं नाही तर तो विचारत होता.

पुस्तक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं, भंवरकुआँचा चौक ओलांडताना. शेवटच्या पानावर मैना स्वतः लेखणी उचलून ठेवते आणि चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघायला जाते, एवढंच होतं. देवेंद्रनं पुस्तक मिटलं. कॅम्पसला अजून चाळीस मिनिटं होती. गहू कापणीला आले होते आणि रस्त्यावर ट्रॅक्टर होते, त्यामुळे बस हळू चालली होती.

“तुम्ही लॅबमध्ये करता काय नक्की?” मनोरमाबाईंनी विचारलं. “तुमच्याकडे ते पॉलिशचे कागद मीच पाठवते, पण त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही.”

देवेंद्रनं सांगायला सुरुवात केली. लोखंडाचा तुकडा आधी कसा कापायचा, पाणी का सोडायचं, आठ प्रकारचे कागद एकामागून एक का लागतात, आणि शेवटी आम्लात बुडवल्यावर आत दाणे कसे दिसतात, वेगवेगळ्या आकाराचे, शेतांच्या बांधांसारखे. त्या मध्येमध्ये विचारत होत्या. फाटक आलं तेव्हा त्याचा पाचवा कागद चालला होता.